प्रायमरमधून चकती कापली जाते आणि मधूनच ठोका हलका पडतो : फक्त फायरिंग पिन बदलणे पुरेसे आहे का?

प्रश्न

नमस्कार. माझी रायफल एआर-१० घडणीची, अर्धस्वयंचलित आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसाची आहे. काडतुसे मी स्वतः भरतो. मोठ्या प्रायमरच्या (पिनच्या ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या, बुडातल्या छोट्या टोपीच्या) पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची कवचे, वापरत होतो तोपर्यंत पिनच्या ठशाभोवती थोडी उंच कड उमटते, यापलीकडे काही तक्रार नव्हती. प्रायमरचे घर (पुंगळीच्या बुडातील तो बसण्याचा खळगा) अधिक काळ घट्ट राहते म्हणून मी लहान प्रायमरच्या पुंगळ्यांकडे वळलो. घर खरोखरच घट्ट राहते आहे, परंतु तेव्हापासून काही प्रायमरच्या मधोमध साफ कडेचे गोल भोक पडलेले आढळते, आणि असे एक भोक पडले की पुढच्या काही काडतुसांना ठोका इतका हलका बसतो की ती उडतच नाहीत. पिन बाहेर काढून पाहिली असता टोकावर बारीक खड्डे दिसले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नवी पिन बसवल्याने हा दोष जाईल का? जाणार असेल तर पिन किती बाहेर यायला हवी, हे कसे तपासावे? आणि टायटॅनियमची हलकी पिन किंवा मागे ढकलणारी स्प्रिंग असलेली पिन घेतल्यास काही लाभ होतो का? तपासणी होईपर्यंत रायफल वापरणे मी थांबवले आहे.

पहिले उत्तर

वापर थांबवला हे उत्तम केले. भोक पडलेल्या प्रायमरमधून मागे येणारा वायू पिनचे टोक आणि बोल्टफेस (चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टचा काडतुसाकडील चेहरा, ज्याच्या छिद्रातून पिन बाहेर येते) दोन्ही जाळतो, आणि खड्डे पडलेले टोक पुढच्या प्रायमरला अधिक सहज भेदते, त्यामुळे हा दोष एकदा सुरू झाला की स्वतःहून वाढत जातो.

नवी पिन आपल्याला लागणारच आहे, कारण खड्डे पडलेली पिन घासून पुन्हा वापरू नये. पण केवळ पिन बदलून दोष जाईल असे मला वाटत नाही. त्याचे कारण भोकाच्या आकारातच आहे. प्रायमर तीन वेगवेगळ्या ठिकाणी फुटतो आणि तिन्हींची कारणे निराळी असतात. ठशाच्या तळाशी सुईसारखे बारीक छिद्र असेल तर पिनचे टोक अणकुचीदार झालेले असते किंवा ती गरजेपेक्षा जास्त बाहेर येत असते. प्रायमरच्या परिघाभोवती काजळी असेल आणि बोल्टफेसवर तेवढ्याच व्यासाचे जळके वर्तुळ उमटले असेल तर वायू प्रायमर आणि त्याच्या घराच्या मधून निसटतो आहे. तिथे पिनचा काहीच संबंध नसतो. आपण वर्णन केलेले साफ कडेचे गोल भोक या दोन्हींहून वेगळे आहे. तिथे प्रायमरच्या तळाचा पत्रा आतल्या दाबाने बोल्टफेसच्या छिद्रात मागे दाबला गेला आणि छिद्राच्या कडेने, कागदाला भोक पाडणाऱ्या पंचाने कापावा तसा, चकतीच्या आकारात कापला गेला.

आता हिशेब पाहा. ६.५ क्रीडमूरची कमाल सरासरी दाबमर्यादा ६२,००० पीएसआय, म्हणजे सुमारे ४२७ मेगापास्कल आहे. एवढा दाब १.९ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पडला तर त्याचे बल सुमारे १,२१० न्यूटन, म्हणजे १२० किलोहून अधिक वजनाइतके होते. तोच दाब १.५ मिलिमीटर व्यासावर पडला तर बल सुमारे ७५५ न्यूटन, म्हणजे ७७ किलोच्या आसपास राहते. हे बल पेलायला तीनच गोष्टी असतात : पत्र्याची जाडी, छिद्राची कड आणि मागून टेकलेली पिन. मोठ्या रायफल प्रायमरचा पत्रा साधारण ०.६९ मिलिमीटर जाड असतो, तर नेहमीच्या लहान रायफल प्रायमरचा साधारण ०.५१ मिलिमीटर. चकती कापली जाण्यास होणारा विरोध जाडीच्या सम प्रमाणात आणि छिद्राच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे बोल्टचे छिद्र तेच ठेवून आपण लहान प्रायमरकडे गेलात, तेव्हा हा विरोध एकदम पाव हिश्श्याहून अधिक घटला. छिद्राचा व्यास १.९ वरून १.५ वर आणला तर गमावलेला बहुतेक विरोध परत मिळतो, आणि सोबत जाड पत्र्याचा, साधारण ०.६४ मिलिमीटरचा मॅग्नम किंवा लष्करी धाटणीचा लहान प्रायमर वापरला तर आपण पूर्वीपेक्षाही सुरक्षित जागी येता. 'हाय प्रेशर' या नावाने विकले जाणारे लहान छिद्राचे बोल्ट आणि बारीक टोकाच्या पिना याच कारणाने निघाल्या.

हलक्या ठोक्याचा दोष याच्याशी जोडलेला आहे, असा माझा जवळजवळ निश्चित अंदाज आहे. कापलेली चकती बोल्टच्या आत, पिनच्या वाटेत पडते. पिन पुढे जाताना ती चकती पिनच्या खांद्याखाली (टोकामागे ती जाड होते तिथे) अडकली की टोक पूर्ण बाहेर येत नाही. भोक पडल्यानंतरच्याच काडतुसांना हलका ठोका बसतो, हे आपले निरीक्षण त्याला पूर्णपणे जुळते. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून मगच बोल्ट कॅरियर उघडावा, पिन काढावी आणि बोल्ट उभा धरून पांढऱ्या कापडावर हलकेच आपटावा. चकत्या बाहेर पडतील. त्या मोजून भोके पडलेल्या प्रायमरशी ताळा करावा, कारण एक जरी आत राहिली तरी पुढे काय करते ते सांगता येत नाही. ती पिनला मागे येऊ न देता टोक पुढेच अडकवून ठेवू शकते, आणि ही स्थिती हलक्या ठोक्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याची असते.

पिनच्या टोकाचा व्यास, बोल्टफेसच्या छिद्राचा व्यास, आणि घोड्याची (पिनवर ठोका मारणाऱ्या भागाची) स्प्रिंग मूळची आहे की बदललेली, एवढे कळवावे.

दुसरे उत्तर

वरील विश्लेषण मला मान्य आहे, तरी त्यात दारूच्या मापाचा विचार आलेला नाही आणि तो सुटे भाग मागवण्याआधी व्हायला हवा. लहान प्रायमरच्या पुंगळीचे बूड अधिक भक्कम असते, म्हणून प्रायमरचे घर सैल होणे ही दाब वाढल्याची जुनी, ओळखीची खूण तिथे उशिरा दिसते. दाब तेवढाच असतो किंवा वाढलेलाही असतो. पूर्वी पुंगळीचे बूड तक्रार करत होते, आता प्रायमरचा पत्रा करतो आहे, एवढाच फरक पडलेला असू शकतो. पुंगळी बदलली की आतील जागा बदलते, प्रायमर बदलला की पेटण्याची रीत बदलते, त्यामुळे जुने माप नव्या पुंगळीत तसेच नेणे योग्य नाही. छापील तक्त्यातील आरंभीच्या मापापासून पुन्हा वर चढावे. लहान छिद्राचा बोल्ट बसवल्याने चकत्या थांबतील, पण दाब मर्यादेबाहेर असेल तर तो मर्यादेबाहेरच राहील आणि आपल्याला ते सांगणारी खूणही उरणार नाही.

दुसरे असे की पुंगळी पुन्हा भरण्यासाठी साच्यात दाबताना तिचा खांदा (मानेखालचा उतार) किती मागे ढकलला जातो, हे मोजून पाहावे. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी आपल्याच चेंबरमध्ये उडालेल्या पुंगळीच्या मापापेक्षा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर एवढाच खांदा मागे घेणे सर्वसाधारणपणे पुरेसे असते. तो फार मागे गेला तर पिनचा ठोका बसताना संपूर्ण काडतूस पुढे सरकते, ठोक्याची शक्ती त्यात खर्च होते आणि दोष पिनच्या माथी मारला जातो. प्रायमर नीट तळाला टेकून पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसला आहे का, हेही पाहावे. घराच्या तळाला न टेकलेला प्रायमर पहिल्या ठोक्याने फक्त आत सरकतो आणि दुसऱ्या ठोक्याने उडतो; 'हलका ठोका' म्हणून जे सांगितले जाते त्यापैकी बरेचसे हेच असते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. बोल्टमधून चकत्या निघाल्या आणि ताळा जुळला. पिनचे टोक १.९ मिलिमीटर आणि छिद्र २ मिलिमीटरच्या किंचित वर भरते. चाप हलका चालावा म्हणून पूर्वीच्या मालकाने घोड्याची स्प्रिंग कमी ताकदीची बसवली होती, हे आता चाप-संच उघडल्यावर लक्षात आले. खांद्याचे माप सांगितलेल्या मर्यादेत आहे. दारूचे माप मात्र मी जुनेच ठेवले होते. ते आता खालून पुन्हा चढवीन. बारीक टोकाची पिन मागवली तर ती याच बोल्टमध्ये चालेल का? आणि टायटॅनियमविषयीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

तिसरे उत्तर

टायटॅनियम आणि स्प्रिंग यांविषयी मी लिहितो, कारण या दोन्ही गोष्टी ज्या दोषासाठी निघाल्या तो आपला दोष नव्हे, आणि बाजारात मात्र त्या सर्व दोषांवरचा इलाज म्हणून विकल्या जातात.

एआर-१५, एके आणि एसकेएस या रायफलींमधील पिन सैल असते; तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. बोल्ट वेगाने बंद होऊन थांबतो तेव्हा पिन स्वतःच्या जडत्वाने पुढे जाते आणि प्रायमरला हलका स्पर्श करते. एआर-१५ मधून न उडवता बाहेर काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर जो इवलासा ठिपका दिसतो तो याच स्पर्शाचा, आणि तो त्या रचनेत अपेक्षितच आहे. पिन जड असेल, प्रायमर फार संवेदनशील असेल किंवा वर उठून राहिला असेल, तर हाच स्पर्श पुरेसा ठरून चाप न ओढता गोळी सुटते. अमेरिकी हवाई दलाच्या एम-१६ रायफलींमध्ये असे प्रकार नोंदले गेल्यावर १९६३ साली दोन बाजूंनी उपाय झाला : पिनचे वजन घटवले गेले आणि लष्करी ५.५६ काडतुसाच्या प्रायमरसाठी संवेदनशीलतेची मर्यादा ठरवली गेली. रायफल आणि काडतूस यांना एकच जोडी मानून केलेला तो उपाय मला आजही अनुकरणीय वाटतो.

एसकेएसची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. सुरुवातीच्या सोव्हिएत रायफलींत पिनला स्प्रिंग होती, पुढे ती काढून टाकण्यात आली. कठीण पत्र्याच्या लष्करी प्रायमरबरोबर ते निभावले. पण साठवणुकीसाठी फासलेले घट्ट ग्रीस बोल्टच्या आत राहून गेले तर त्यात पिन पुढच्या बाजूला चिकटून बसते आणि बोल्ट बंद होताच गोळी सुटू शकते, म्हणून जुन्या साठ्यातील एसकेएस हाती आली की बोल्ट पूर्ण उकलून धुतल्याशिवाय ती भरू नये. एम-१ गॅरंडमध्ये, जी १९३६ साली स्वीकारली गेली, निराळी युक्ती आहे : पिनच्या शेपटीला आडवी टांग आहे आणि रिसीव्हरमधील (रायफलीच्या मुख्य चौकटीतील) पूल त्या टांगेला बोल्ट पुरेसा फिरेपर्यंत पुढे जाऊ देत नाही, आणि बोल्ट उघडताना तोच पूल पिनला मागे खेचतो. ही टांग झिजली किंवा परक्या मापाची पिन बसवली तर ते संरक्षण संपते, म्हणून गॅरंडमध्ये पिन बदलल्यावर बोल्ट सावकाश हाताने बंद करत टांग पुलाखालून केव्हा मोकळी होते ते पाहण्याची पद्धत आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५८ टक्के असल्याने तिची पिन जडत्वाचा स्पर्श कमी करते, हे खरे. पण आपल्याला तो त्रास नाही. उलट चकती कापली जाताना बाहेर येणाऱ्या तप्त वायूपुढे टायटॅनियमचे टोक पोलादापेक्षा लवकर झिजते, आणि हलकी पिन दाबाने मागे ढकलली जाण्यास कमी विरोध करते. आपल्या रायफलीत ती दोष वाढवील. मागे ढकलणारी स्प्रिंग काही मोठ्या चौकटीच्या रायफलींमध्ये निर्मात्यानेच दिलेली असते, तिथे ती काढू नये. जिथे दिलेली नाही तिथे ती घातली तर घोड्याच्या ठोक्यातील काही शक्ती तिला दाबण्यात जाते, आणि आपल्या घोड्याची स्प्रिंग आधीच दुबळी आहे.

ती दुबळी स्प्रिंगच मला आपल्या मापांमधील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली. प्रायमर पेटल्यानंतर पिनला पत्र्यामागे टेकून धरण्याचे काम घोडा करतो. स्प्रिंग दुबळी असेल तर पिन मागे हटते, पत्रा आधाराविना छिद्रात शिरतो आणि कापला जातो. अशा रीतीने एकच स्प्रिंग ठोका हलका करण्यास आणि चकती कापण्यास, दोन्हींना हातभार लावते. पूर्ण ताकदीची स्प्रिंग सर्वांत आधी बसवावी. चाप थोडा जड होईल, आणि अशा दाबाच्या काडतुसासाठी तो तसाच असावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या उत्तरदात्याचा पुढील प्रतिसाद

बारीक टोकाची पिन सध्याच्या बोल्टमध्ये अजिबात बसवू नये. १.५ मिलिमीटरचे टोक २ मिलिमीटरच्या छिद्रात घातले तर भोवती आधाराविना राहणारे कडे आजच्यापेक्षा कितीतरी रुंद होईल, पत्रा त्या फटीत वाहत जाईल आणि ठोकाही मध्यभागी बसण्याची खात्री राहणार नाही. पिन आणि बोल्ट ही जोडी एकाच निर्मात्याकडून, एकमेकांसाठी बनवलेली घ्यावी. जुना बोल्टच ठेवायचा असेल तर त्याच्या छिद्रात बुश (लहान नळकांडे) बसवून नव्याने बारीक छिद्र पाडून घेता येते, पण ते काम यंत्रशाळा असलेल्या अनुभवी शस्त्रकारागिराचे आहे. घरच्या ड्रिलवर त्याचा प्रयत्न करू नये.

मागवताना एक काळजी घ्यावी. एआर-१५ चे भाग लष्करी आरेखनामुळे बरेचसे एका मापाचे असतात. एआर-१० या नावाखाली चालणाऱ्या रायफलींना तसे एकच आरेखन कधी लाभले नाही. आर्मालाईट आणि डीपीएमएस अशा दोन मुख्य परंपरा आहेत आणि त्यांतही निर्मात्यागणिक पिनची लांबी आणि खांद्याची जागा बदलते. 'एआर-१० साठी' एवढेच लिहिलेली पिन घेऊन समाधान मानू नये.

नवा बोल्ट आला की पहिले काम हेडस्पेसचे (बंद बोल्टचा चेहरा आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकून थांबते ती जागा यांतील अंतराचे), कारण बोल्ट बदलला की हेडस्पेस बदलते. इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून, 'गो' म्हणजे किमान अंतराच्या मापकावर बोल्ट स्वतःच्या वजनाने बंद व्हायला हवा आणि 'नो-गो' म्हणजे कमाल अंतराच्या मापकावर बंद होता कामा नये. ते न जुळल्यास पिनपर्यंत जाण्यात अर्थ नाही. जुळल्यास बोल्ट कोरडा, तेलविरहित ठेवून त्यात पिन टाकावी आणि बोल्ट वरखाली उलटा करून पाहावा. पिन दोन्ही दिशांना कुठेही न अडखळता आपल्या वजनाने सरकली पाहिजे. जिथे अडते तिथे बहुधा छिद्राच्या आतल्या कडेला राहिलेली बारीक भर असते. ती पिन घासून घालवू नये, बोल्ट परत करावा. पिन आतल्या खांद्याला टेकेपर्यंत पूर्ण पुढे दाबून धरल्यावर टोक बोल्टफेसच्या किती बाहेर येते ते डेप्थ मायक्रोमीटरने मोजावे. एआर-१५ साठी ही मर्यादा ०.७१ ते ०.९१ मिलिमीटर, म्हणजे ०.०२८ ते ०.०३६ इंच, अशी आहे. आपल्या बोल्टसाठी निर्मात्याने दिलेली मर्यादाच प्रमाण मानावी, कारण हा आकडा एका घडणीवरून दुसऱ्या घडणीवर नेता येत नाही. मग पिन पूर्ण मागे घेऊन टोक बोल्टफेसच्या आत जाते का, हेही तितक्याच काळजीने पाहावे. पुष्कळ जण फक्त बाहेर येण्याचे माप घेतात आणि हे विसरतात.

माप मर्यादेबाहेर आले तर पिन बदलून घ्यावी. टोक घासून ते मर्यादेत आणण्याचा मोह होतो, पण टोकाचा अर्धगोल घुमट हाताने परत आणणे फार कठीण असते, घासताना उष्णतेने पोलादाचे पाणी उतरू शकते, आणि आडवे ओरखडे राहिले तर पुढे तिथूनच टोक तुटते. पिनची किंमत बोल्टफेसपुढे नगण्य आहे.

जोडणी झाल्यावर पहिली काडतुसे कमी मापाची, मॅगझिनमध्ये एका वेळी एकच अशी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून उडवावीत. काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवून त्यावर बोल्ट सोडू नये, कारण मॅगझिनमधून काडतूस ओढताना बोल्टचा वेग जो थोडा मंदावतो तो तिथे मंदावत नाही आणि पिनचा जडत्वाचा स्पर्श अधिक जोराने होतो. प्रत्येक पुंगळी उचलून प्रायमर पाहावा. ठसा मध्यभागी, तळ गुळगुळीत, कड जवळजवळ सपाट असेल तर जोडी जमली. काडतूस उडाले नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. बोल्ट बंद होतानाच गोळी सुटली, किंवा चाप एकदा ओढल्यावर एकाहून अधिक गोळ्या सुटल्या, तर तिथेच रायफल रिकामी करून कारागिराकडे द्यावी. त्या स्थितीत स्वतः आणखी तपासणी करत बसू नये.

दुसऱ्या उत्तरदात्याची पुस्ती

माप पुन्हा चढवताना स्प्रिंग, बोल्ट आणि जाड पत्र्याचा प्रायमर असे तिन्ही बदल एकदम झाले, तर कशामुळे काय सुधारले ते कळणार नाही, असे आपल्या मनात येऊ शकते. एरवी मीही एकेक बदल करायला सांगितले असते. इथे मात्र तसे करू नये, कारण मधल्या प्रत्येक टप्प्यावर भोक पडण्याची शक्यता शिल्लक राहते आणि नव्या बोल्टचा चेहरा विनाकारण जळतो. तिन्ही बदल आधी करावेत, दारूचे माप मात्र एकेका पायरीने आणि वेग मोजतच वाढवावे. तक्त्यातील कमाल मापाच्या आधीच वेग तक्त्याइतका भरला, तर माप तिथेच थांबवावे, प्रायमर कितीही निर्दोष दिसत असला तरी.